दोन वर्षांची मुदत

राज्यसंस्थेच्या हाती नकार देण्याचे सामर्थ्य असते, तसे उत्तर न देण्याचेही असते. पहिल्याचा इतिहास पुष्कळ लिहिला गेला आहे, दुसऱ्याचा फारसा कोणी लिहीत नाही. नकाराला तारीख असते, खाली अधिकाऱ्याची सही असते, कारणे नमूद केलेली असतात आणि त्यावर वरच्या पायरीकडे दाद मागता येते. विलंबाला यांपैकी काहीच नसते. ज्याचा अर्ज 'विचाराधीन' आहे त्याने न्यायालयात जाऊन तक्रार तरी कशाची करावी? त्याला कोणी नाही म्हटलेले नसते. कोणी होयही म्हटलेले नसते. वर्षे उलटत जातात, मुले मोठी होतात, आणि दप्तरातला कागद मात्र आहे त्याच जागी राहतो.

आपल्यापैकी बहुतेकांना नागरिकत्व न मागता मिळालेले असते. जन्माबरोबर ते येते, म्हणून त्याचे मोल सहसा ध्यानात येत नाही. परंतु जगात असे लक्षावधी लोक होऊन गेले आणि आजही आहेत, की ज्यांना नागरिकत्वासाठी अर्ज करावा लागतो. मी इतकी वर्षे येथे राहिलो, येथे कष्ट करून पोट भरले, येथेच देह ठेवण्याचा माझा विचार आहे, तरी मला आपल्यात घ्या, असे त्या अर्जाचे सार असते. कायद्याच्या भाषेत याला देशीयकरण म्हणतात. काही देशांच्या कायद्यांत हीच गोष्ट 'नोंदणी' या नावाने येते. इंग्लंडात १८४४ पर्यंत परदेशी माणसाला पूर्ण देशीयकरण हवे असेल, तर पार्लमेंटकडून स्वतःच्या नावाचा स्वतंत्र कायदा संमत करवून घ्यावा लागे. अर्थात ते मूठभर सधन व्यापाऱ्यांनाच साधत असे. विसाव्या शतकात साम्राज्ये मोडली, नवी राष्ट्रे उभी राहिली आणि हा प्रश्न मूठभरांचा न राहता लाखांचा झाला. लाखांच्या अर्जांचे काय होते, याचे एक उदाहरण आपल्या अगदी शेजारी घडले आहे. ते उदाहरण म्हणजे त्या वेळच्या सिलोनमधील, म्हणजे १९७२ पासूनच्या श्रीलंकेतील, चहाच्या मळ्यांवरील भारतीय वंशाच्या तमिळ मजुरांचे.

१९५० नंतरच्या दशकांत भारतातील घराघरांत रेडिओ सिलोनची गाणी ऐकली जात. त्या बेटाचे नाव तेव्हा आबालवृद्धांना ठाऊक होते. परंतु त्याच बेटावरील डोंगरांत आपल्याच देशातून गेलेली सात-आठ लाख माणसे कोणत्याही देशाची नागरिक नसताना दिवस कंठीत आहेत, याची जाणीव फार थोड्यांना होती.

हे लोक तेथे गेले कसे, हे थोडक्यात पाहू. १८१५ मध्ये कँडीचे राज्य इंग्रजांच्या ताब्यात गेले आणि त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत तेथील डोंगरांवर कॉफीची लागवड सुरू झाली. जंगले तोडायला आणि कॉफी खुडायला माणसे हवी होती. आपली भातशेती सोडून मळ्यावर मजुरी करण्यास सिंहली शेतकरी तयार नव्हता. तेव्हा समुद्रापलीकडच्या तिरुचिरापल्ली, मदुराई, रामनाड, सेलम, तिरुनेलवेली या दुष्काळाने गांजलेल्या मुलखातून मजूर आणले गेले. प्रारंभी ते हंगामापुरते येत. मन्नारच्या किनाऱ्यावर उतरून जंगलातून कँडीपर्यंतची वाट पायी तुडवीत, आणि त्या वाटेवर पटकी व हिवताप यांनी कित्येक दगावत. मजुरांची टोळी जमवून आणणाऱ्या मुकादमाला 'कंगाणी' म्हणत. तो प्रवासखर्चाला उचल देई आणि ती उचल मजुराच्या मानेवर कर्ज म्हणून बसे. मळा बदलायचा तर 'तुंडु' नावाची चिठ्ठी लागे. मजुरावर किती देणे आहे ते तीत लिहिलेले असे, आणि ते देणे फेडील त्यानेच त्याला कामावर घ्यावे असा दंडक होता. ही पद्धत १९२१ मध्ये कायद्याने बंद झाली.

१८६९ मध्ये कॉफीच्या पानांवर तांबेऱ्याचा रोग दिसला आणि पुढील काही वर्षांत त्या पिकाचा निकाल लागला. त्याआधी दोनच वर्षे, १८६७ मध्ये, जेम्स टेलर या स्कॉटिश मळेवाल्याने लूलकंदुरा येथे चहाची लागवड सुरू केली होती. कॉफीचा हंगाम काही महिन्यांचा असतो, चहाची पाने मात्र बारा महिने खुडावी लागतात आणि ते काम स्त्रिया करतात. त्यामुळे मजूर आता बायकामुलांसह येऊन राहू लागले. मळ्यावरच्या 'लाईन' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बराकींत, एकेका खोलीत एकेक कुटुंब, अशी त्यांची वस्ती झाली. तेथेच पुढच्या पिढ्या जन्मल्या. १९४६ च्या जनगणनेत या भारतीय तमिळांची संख्या सुमारे ७ लाख ८० हजार, म्हणजे बेटाच्या लोकसंख्येच्या पावणेबारा टक्क्यांच्या आसपास होती. देशाची निर्यात त्यांच्या हातांवर चालत होती.

येथे दुसरी बाजूही ऐकली पाहिजे, नाही तर इतिहास एकांगी होईल. कँडीच्या सिंहली शेतकऱ्याच्या दृष्टीने हा सारा व्यवहारच अन्यायाचा होता. त्याच्या गावाभोवतीची राने व पडीक जमिनी १८४० च्या कायद्याने सरकारजमा होऊन मळेवाल्यांना विकल्या गेल्या होत्या. त्या जमिनीवर परक्याने मळा उभा केला आणि परक्यानेच त्यात काम केले. १९३१ मध्ये डोनोमोर राज्यघटनेने सिलोनला प्रौढ मताधिकार मिळाला, तेव्हा या डोंगराळ मतदारसंघांत आपण अल्पसंख्य ठरू ही भीती त्याला वाटू लागली. भारतीय मजुरांच्या मताधिकारावर अधिवासाच्या अटी घातल्या गेल्या त्या तेव्हापासून. तणाव वाढत गेला. १९३९ मध्ये पंडित जवाहरलाल नेहरू सिलोनला गेले आणि त्यांच्या प्रेरणेने सिलोन इंडियन काँग्रेस ही संघटना निघाली. १९४७ च्या निवडणुकीत तिचे उमेदवार मळ्यांच्या भागांतून निवडून आले. नुवारा एलियाहून निवडून आलेले सौम्यमूर्ती तोंडमान हे त्यांपैकी एक. मजुरांची मते इतरत्र डाव्या पक्षांकडेही गेली. सिंहली शेतकऱ्याची भीती आणि सत्तारूढ पक्षाची राजकीय गरज या दोन्ही गोष्टी त्यानंतर एकाच दिशेने वाहू लागल्या.

४ फेब्रुवारी १९४८ रोजी सिलोन स्वतंत्र झाले आणि त्याच वर्षी डी. एस. सेनानायके यांच्या सरकारने नागरिकत्वाचा कायदा केला. बेटावर जन्मलेल्या माणसाला नागरिक ठरायचे असेल तर त्याचा बाप सिलोनमध्ये जन्मला असला पाहिजे, किंवा आजा आणि पणजा हे दोघेही तेथे जन्मले असले पाहिजेत, अशी त्यात अट होती. वरवर पाहता ही अट सर्वांना सारखी. परंतु सिंहली शेतकऱ्याला त्याच्या बापाच्या जन्माचा दाखला सहसा कोणी विचारीत नसे. तो विचारला जाई मळ्यावरच्या मजुराला, आणि तो त्याच्यापाशी नसे. विशेष सेवेबद्दल सरकार आपल्या मर्जीने नागरिकत्व देऊ शके, पण तेही वर्षाला २५ व्यक्तींपेक्षा अधिक नाही. अशा रीतीने एका कायद्याने लाखो माणसे नागरिकत्वाच्या बाहेर राहिली, आणि १९४९ च्या निवडणूक-कायद्यातील दुरुस्तीने त्यांच्या मताचा अधिकारही गेला.

भारताशी वाटाघाटी चालू होत्याच. त्यांतून १९४९ मध्ये भारतीय व पाकिस्तानी रहिवाशांसाठी नागरिकत्वाचा वेगळा कायदा झाला. आपल्या विषयाचा खरा प्रारंभ येथे होतो. या कायद्याखाली अर्ज करण्यास ५ ऑगस्ट १९४९ पासून दोन वर्षांची मुदत होती. १ जानेवारी १९४६ च्या आधी विवाहिताचे सात वर्षे आणि अविवाहिताचे दहा वर्षे बेटावर अखंड वास्तव्य असले पाहिजे, आणि ते अर्जाच्या दिवसापर्यंत चालू राहिलेले असले पाहिजे. सलग बारा महिन्यांहून अधिक काळ बाहेर राहिल्यास वास्तव्य खंडित झाले असे समजावे. उपजीविकेचे पुरेसे साधन असावे. अर्जदार विवाहित पुरुष असेल तर त्याच्या पत्नीचेही लग्नानंतर वर्षाच्या आतपासून अखंड वास्तव्य सिद्ध व्हावे, तसेच अज्ञान मुलांचेही.

सिलोन इंडियन काँग्रेसने प्रथम या कायद्यावर बहिष्कार घातला. पुढे धोरण बदलले, आणि मुदत संपत आली तेव्हा अर्जांचा लोंढा लोटला. ५ ऑगस्ट १९५१ पर्यंत सुमारे २ लाख ३७ हजार अर्ज आले. त्यांत बायकामुले धरून सुमारे सव्वाआठ लाख माणसांचे भवितव्य गुंतलेले होते. भारतीय मजुरांना येथे राहायचेच नाही, मिळवलेला पैसा घेऊन ते परत जाणार, हा युक्तिवाद तोवर पुष्कळ वेळा केला गेला होता. या आकड्याने त्याला परस्पर उत्तर दिले. जवळजवळ सगळ्यांनीच राहू द्या म्हणून अर्ज केला होता.

आता हे अर्ज निकालात काढायचे म्हणजे काय, याचा विचार सरकारी कामाच्या दृष्टीने करून पाहू. वर्षाला कामाचे ३०० दिवस धरले, तर दोन वर्षांत २ लाख ३७ हजार अर्ज संपवण्यासाठी रोज सुमारे ४०० अर्जांचा निर्णय व्हायला हवा. यांतील एकेका अर्जाच्या पोटात तीन-चार माणसांच्या दहा-पंधरा वर्षांच्या हालचाली. मळ्याच्या हजेरीपटावर नाव आहे काय? असल्यास ते हाच माणूस की दुसरा? एकाच मळ्यावर रामसामी आणि मुत्तुसामी या नावांचे अनेकजण असत. तमिळ मजुराला आडनाव नसते, बापाचे नाव हीच त्याची ओळख, आणि ते साहेबाने किंवा त्याच्या कारकुनाने कानाला जसे लागले तसे लिहिलेले. पहिल्या बाळंतपणासाठी मुलीने माहेरी जावे ही आपल्याकडची सार्वत्रिक रीत. ती माहेरी गेली, आजारी पडली आणि परत यायला तेरा महिने लागले, तर कुटुंबाच्या अखंड वास्तव्याला तडा गेला. गावाकडच्या म्हाताऱ्या आईला पैसे पाठवणारा मुलगा कायमचा स्थायिक झाला म्हणावा की न म्हणावा, हा प्रश्न तर कोणत्याही पंडिताला वाद घालण्यास पुरेसा आहे. अर्जदार बहुधा निरक्षर. त्याचा पुरावा मळ्याच्या कचेरीत, आणि त्या कचेरीवर त्याचा अधिकार शून्य. आधी चौकशी अधिकारी, मग उपायुक्त, मग नकाराचे कारण दाखवणारी नोटीस, मग सुनावणी, मग सर्वोच्च न्यायालयाकडे अपील, अशी ही वाट होती.

या यंत्रणेत काम करणारा एखादा अधिकारी स्वभावाने कितीही सज्जन असला तरी काय झाले असते? नियमाने त्याच्या हाती जे माप दिले होते त्या मापाने मोजायचे म्हटले, तर प्रत्येक अर्जात शंकेला जागा होती, आणि शंका आली की कागद पुन्हा खाली पाठवणे हेच कोणत्याही दप्तरात सर्वांत निर्धोक असते. मान्यतेची सही पुढे कधी चुकीची ठरली तर तिचा जाब द्यावा लागतो. न केलेल्या सहीचा जाब कोणी विचारीत नाही. विलंबाचे मूळ पुष्कळदा आळसात शोधले जाते. माझ्या मते ते बहुतेक वेळा या हिशेबात असते.

न्यायालयाचा मार्गही चोखाळून झाला. कोडकन पिल्लै नावाच्या एका रहिवाशाने मतदारयादीत आपले नाव असावे म्हणून लढा दिला. कोणत्याही एका समाजावर बंधने लादणारा कायदा करण्यास राज्यघटनेने मनाई केली आहे, आणि हे नागरिकत्वाचे कायदे तसेच आहेत, असे म्हणणे मांडले गेले. सिलोनच्या सर्वोच्च न्यायालयाने ते मानले नाही, आणि १९५३ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनेही तोच निर्णय कायम केला. नागरिक कोणाला म्हणावे हे ठरवणे राष्ट्राचे काम आहे, असा त्याचा आशय. त्याच्या आदल्याच वर्षी, १९५२ च्या निवडणुकीत, मळ्यांवरील मजुरांचा एकही प्रतिनिधी संसदेत पोहोचू शकला नव्हता, आणि त्यांचा सत्याग्रहही निष्फळ ठरला होता.

यानंतर १९५४ चा जानेवारी उजाडला. सिलोनचे पंतप्रधान सर जॉन कोटलावला दिल्लीस आले आणि त्यांच्यात व नेहरूंत करार झाला. त्यात एक कलम असे होते की नागरिकत्वाच्या नोंदणीचे काम त्वरेने करण्यात येईल आणि प्रलंबित अर्जांचा निकाल दोन वर्षांत लावण्याचा सर्वतोपरी प्रयत्न करण्यात येईल. 'सर्वतोपरी प्रयत्न' या शब्दांचा अर्थ दप्तरी लोकांना ठाऊक असतो. दोन वर्षे गेली, चार गेली, आठ गेली. १९६० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत ते काम जेव्हा आटोपले, तेव्हा सव्वाआठ लाखांपैकी सुमारे १ लाख ३४ हजारांना सिलोनचे नागरिकत्व मिळाले होते. म्हणजे शंभरात सोळा.

उरलेल्यांचे काय? सिलोन म्हणे, जे आमचे नागरिक नाहीत ते भारताचे. भारत म्हणे, ज्यांनी आमच्या घटनेच्या आठव्या कलमाप्रमाणे आमच्या वकिलातीत नोंदणी करून घेतली तेवढेच आमचे. बाकीचे तुमच्या भूमीवर जन्मले आणि वाढले, त्यांचे दायित्व तुमचे. भारताची भूमिका तत्त्वतः बरोबर होती असे मला वाटते. अन्यथा जगातील कोणत्याही देशाने आपल्या भारतीय वंशाच्या रहिवाशांना बाहेर काढावे आणि भारताने मुकाट्याने त्यांना स्वीकारावे, असा पायंडा पडला असता. परंतु दोन देशांची तत्त्वे समोरासमोर ठाकली, त्या मधल्या जागेत मळ्यावरचा माणूस अडकला, हेही तितकेच खरे. ऑक्टोबर १९५४ च्या दुसऱ्या भेटीतही हा मतभेद मिटला नाही.

३० ऑक्टोबर १९६४ रोजी दिल्लीत लालबहादूर शास्त्री आणि सिरिमाओ बंदरनायके यांच्यात करार झाला. राज्यहीन माणसांची संख्या ९ लाख ७५ हजार धरण्यात आली. त्यांपैकी ५ लाख २५ हजार भारताने घ्यावीत, ३ लाख सिलोनने ठेवावीत, उरलेल्या दीड लाखांचे पुढे पाहावे आणि हे सारे १५ वर्षांत पार पडावे, असे ठरले. प्रश्न सुटावा अशी शास्त्रीजींची तळमळ होती यात संशय नाही. पण ज्यांच्याविषयी हा हिशेब झाला त्यांना कोणी विचारले नव्हते. तोंडमान यांनी त्यावर टीका केली ती याच मुद्द्यावर. माणसांची वाटणी आकड्यांनी झाली. कोणत्या घरातला कोण कोणत्या आकड्यात पडणार, हे नंतर अर्जांवरून ठरायचे होते.

करारानंतर दोन महिनेही लोटले नव्हते तोच, डिसेंबर १९६४ मध्ये, चक्रीवादळाने धनुष्कोडी उद्ध्वस्त केली. मद्रासहून येणारी बोट मेल जेथे थांबे आणि जेथून आगबोट तलाइमन्नारला जाई, तो धक्काच नाहीसा झाला. पुढे रामेश्वरमहून बोटी सुरू झाल्या. पण माणसांच्या वाटेतला खरा अडथळा समुद्रात नव्हताच. करार अमलात आणण्याचा सिलोनचा कायदा १९६७ मध्ये झाला, अर्ज स्वीकारण्यास १९६८ मध्ये प्रारंभ झाला आणि १९७० च्या एप्रिलअखेर मुदत संपली. तोवर करारातील १५ वर्षांपैकी साडेपाच वर्षे खर्ची पडली होती. भारताच्या नागरिकत्वासाठी चार लाखांच्या आसपास माणसांचे अर्ज आले. सिलोनच्या नागरिकत्वासाठी त्याहून पुष्कळ अधिक आले. करारातील वाटणी आणि माणसांची इच्छा यांचा मेळ बसेना.

शिवाय दोन्ही रांगा एकमेकींना बांधलेल्या होत्या. भारताकडे सात माणसे गेली की सिलोनने चौघांना नागरिक करून घ्यायचे, असे ते प्रमाण. 'गेली' म्हणजे भारताचे नागरिकत्व मिळाले की प्रत्यक्ष बोटीत बसली, यावरही वाद झाला. भारताचा पासपोर्ट हाती आलेला मजूर तरी लगेच निघू शके काय? भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी हाती पडेपर्यंत तो मळा कसा सोडणार? करारानेच त्याला निघण्याच्या दिवसापर्यंत किंवा वयाच्या ५५ व्या वर्षापर्यंत कामावर राहण्याची मुभा दिली होती. तो थांबला की त्याच्यामागे, सिलोनचे नागरिकत्व मागणारा त्याचा शेजारी थांबे. एकाची फाइल दुसऱ्याच्या फाइलीखाली दबलेली, असा हा प्रकार होता.

१९७४ मध्ये इंदिरा गांधी आणि सिरिमाओ बंदरनायके यांनी उरलेल्या दीड लाखांची ७५ हजार व ७५ हजार अशी निम्मेनिम वाटणी केली. जे भारतात आले ते मंडपमच्या छावणीत उतरले. विलक्षण योगायोग असा, की इंग्रजी अमदानीत सिलोनला जाणाऱ्या मजुरांना रोगराईच्या तपासणीसाठी येथेच अडवून ठेवीत. ज्या दारातून आजा गेला त्याच दारातून नातू परत आला, पण त्याच्या ओळखीचे गाव आता उरले नव्हते. १९६८ पासून तमिळनाडू सरकारने निलगिरीत यांच्यासाठीच चहाचे मळे उभे केले. पुष्कळांच्या हाती तेथेही चहाचीच पाने आली.

कराराची वाढीव मुदत १९८१ मध्ये संपली तेव्हा काम अपुरेच होते. १९८३ च्या जुलैत श्रीलंकेत भीषण दंगली झाल्या, युद्ध पेटले, आणि १९८४ पासून रामेश्वरम–तलाइमन्नार ही बोट बंद पडली. ज्यांना भारताचे पासपोर्ट मिळाले होते तेही तेथेच अडकले. त्यांची मुले तर दोन्हीकडची नव्हेत. दरम्यान तोंडमान १९७७ मध्ये, म्हणजे बरोबर तीस वर्षांनी, त्याच डोंगराळ प्रदेशातून पुन्हा संसदेत निवडून आले होते आणि १९७८ मध्ये मंत्री झाले होते. मळ्यांवरच्या मतांना पुन्हा किंमत आली होती. १९८८ मध्ये श्रीलंकेच्या संसदेने कायदा करून, जे कोणत्याच देशाचे नागरिक नव्हते अशा भारतीय वंशाच्या रहिवाशांना साध्या प्रतिज्ञापत्रावर नागरिक मानले. उरलेल्यांसाठी ऑक्टोबर २००३ मध्ये दुसरा कायदा झाला. ३० ऑक्टोबर १९६४ पासून येथे राहणारा भारतीय वंशाचा माणूस आणि त्याची संतती श्रीलंकेची नागरिक होय, असे त्याने जाहीर केले. शास्त्रींच्या कराराची ती तारीख. त्या दिवशी जी माणसे मोजून वाटली गेली होती, तीच तारीख आता त्यांच्या हक्काचा आधार झाली.

आणि मग काय घडले? संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक उच्चायुक्तालयाच्या साहाय्याने मळ्यांवर फिरती केंद्रे उघडण्यात आली, स्वयंसेवक नेमले गेले, आणि सुमारे दहा दिवसांत सुमारे १ लाख ९० हजार माणसांच्या हाती नागरिकत्वाचे कागद पडले. १९४९ चा कायदा अमलात आला त्या वर्षी लाईनच्या खोलीत जन्मलेले मूल या वेळी ५४ वर्षांचे झाले होते. मळ्यावरच्या कष्टाच्या आयुष्यात ५४ व्या वर्षी माणूस म्हातारा होतो.

या दोन आकड्यांकडे पाहून मला जे वाटते ते सांगतो. सुमारे बारा वर्षांत १ लाख ३४ हजार आणि दहा दिवसांत १ लाख ९० हजार. लेखण्या त्याच होत्या, कारकून पूर्वीपेक्षा काही दसपट हुशार झाले नव्हते. बदल झाला तो प्रश्नात. १९४९ च्या कायद्याने प्रत्येक माणसाला विचारले होते, तू आमचा आहेस हे सिद्ध कर. २००३ च्या कायद्याने तो आपला आहे हे आधीच मान्य केले आणि फक्त नोंद करून घेतली. सिद्धतेचे ओझे खांद्यावरून उतरताच रांग विरून गेली. म्हणून जेथे एखाद्या कामाला पिढ्यान्‌पिढ्या विलंब लागतो, तेथे टेबले वाढवण्याच्या आधी अर्जाचा नमुना तपासून पाहावा. पुष्कळदा विलंब त्या नमुन्यातच लिहिलेला असतो.

राष्ट्राने आपले दार कोणासाठी उघडावे आणि कोणासाठी उघडू नये, हे ठरवण्याचा हक्क राष्ट्राचाच. तो कोणी नाकारीत नाही. नाही म्हणायचे असेल तर तेही स्पष्ट आणि वेळेत म्हणावे, म्हणजे ऐकणाऱ्याला आपले आयुष्य दुसरीकडे रचता येईल. हे आपणा भारतीयांनाही लागू आहे. १९८३ नंतर ज्या बोटी तमिळनाडूच्या किनाऱ्याला लागल्या, त्यांत भारतीय वंशाचे हे मळेवाले तमिळही होते. त्यांपैकी कित्येक कुटुंबे छावण्यांतच राहिली. आपला नागरिकत्वाचा कायदा १९५५ चा. कागदपत्रांवाचून आलेल्यांना २००३ च्या दुरुस्तीने बेकायदा स्थलांतरित ठरवले आणि नोंदणीची व देशीयकरणाची वाट त्यांना बंद झाली. १९६४ च्या करारात ज्यांच्या आईबापांना भारताने आपले म्हटले होते, अशीही माणसे त्यांत आहेत. जून २०१९ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठासमोर अशा ६५ जणांचे प्रकरण आले, तेव्हा त्यांचे छावणीतले वास्तव्य तीन दशकांहून अधिक झाले होते. त्यांचे अर्ज घेऊन त्यांवर ठराविक मुदतीत निर्णय करावा, असे न्यायमूर्तींनी सांगितले.

म्हणजे पुन्हा एक मुदत. १९५४ च्या दोन वर्षांनंतर, १९६४ च्या पंधरा वर्षांनंतर, त्याच लोकांच्या वंशजांसाठी कागदावर घातलेली ही आणखी एक. मुदत घालणे सोपे असते आणि ती उलटली तरी दप्तराचे काही बिघडत नाही. पलीकडे छावणीच्या दाराशी उभ्या असलेल्या माणसाचे मात्र तेवढे आयुष्य कमी होते, आणि त्याची भरपाई कोणत्याही कायद्याला आजवर करता आलेली नाही.